पहिली क्रँकी करताय? एवढं सांभाळा

क्रँकी म्हणजे गाण्यासोबत दांडा फिरवून सरकवत दाखवायची लांब चित्रगुंडाळी. आयरिश स्थलांतराचं गाणं निवडलंत, उत्तम. जहाज, किनारा, लाटा : गुंडाळी सरकली की जहाज आपोआप निघतं.

आधी गाणं घड्याळ लावून म्हणा. चार मिनिटांचं असेल तर सहा मीटर कागद पुरतो. सेकंदाला अडीच सेंटीमीटर. दोन्ही टोकांना हातभर कोरा कागद सोडा, नाहीतर सुरुवातीचं चित्र रुळावरच गुंडाळलेलं राहतं. माझं राहिलं होतं!

नवखे हमखास चुकतात ते इथे:
- प्रत्येक ओळीला वेगळी चौकट. नको. टेकडी उतरत बंदरात जाऊ दे.
- जाड अॅक्रिलिक. गुंडाळताना तडकतं, पातळ हात द्या.
- काळाची गल्लत. गाणं १८४७ च्या दुष्काळातलं असेल तर मागे कोव्ह या आयरिश बंदरातल्या कॅथेड्रलचं शिखर काढू नका. त्याचं बांधकामच १८६८ मध्ये सुरू झालं.

शॉन-नोस या पारंपरिक आयरिश गायनपद्धतीचं गाणं साथीशिवाय, मोकळ्या लयीत चालतं. म्हणून दांडा फिरवणाऱ्याने चित्राकडे न बघता गाणाऱ्याच्या श्वासाकडे बघायचं. तो थांबला की हात थांबला.

मागचा दिवा, सावल्यांसाठी आकार कापणं वगैरे दुसऱ्या गाण्याला बघू. आधी पेन्सिलीने कच्चं काढून एकदा फिरवून बघा.