‘जाळणे’, ‘टोचणे’ आणि मामींची धास्ती

परळहून एका वाचक भगिनीने विचारलंय: मामांच्या यकृतात कर्करोगाची छोटी गाठ आहे. इस्पितळाच्या मराठी संमतिपत्रात ‘मद्यार्क टोचून गाठ जाळणे’ असं छापलंय. ते वाचून मामींनी धास्ती घेतली. दारूनंच लिव्हर गेलं, आता वर दारूच टोचणार नि जाळणार? हे मराठी बरोबर आहे का?

‘मद्यार्क’ चूक नाही. दारूतलं एथिल अल्कोहोलच ते, फक्त 95 टक्क्यांच्या वर शुद्ध आणि निर्जंतुक. पण नुसतं ‘अल्कोहोल’ लिहिलं तरी मुंबईत कुणाचं अडणार नाही. ‘स्पिरिट’ मात्र नको. बाजारातल्या स्पिरिटमध्ये, कुणी पिऊ नये म्हणून, मुद्दाम विषारी द्रव्य मिसळलेलं असतं.

‘जाळणे’ला मराठीत आगीची गरज नसते, चामखीळ आपण औषध लावूनही जाळतो. तरी इथे तो शब्द घोळ घालतो. त्याच विभागात रेडिओलहरींनी किंवा मायक्रोवेव्हने गाठी खरोखरच तापवून मारतात. अल्कोहोल तापवत नाही; ते पेशींतलं पाणी शोषतं, प्रथिनं गोठवतं, बारीक रक्तवाहिन्या बंद पाडतं. गाठ पित्तनलिकेला किंवा आतड्याला खेटून असली की उष्णता धोक्याची म्हणून कधी कधी हाच मार्ग धरतात, आणि कागदावर नेमकं ‘जाळणे’! आयुर्वेदाने क्षारकर्म (क्षार लावून जाळणं) आणि अग्निकर्म (तापवून डागणं) वेगळी ठेवली, ती उगाच नाही.

सगळ्यात तोकडं आहे ‘टोचणे’. लस टोचतात, क्षणात काम संपतं. इथे सुई घुसणं ही नुसती सुरुवात. सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत बारीक, लांब सुई गाठीत नेतात आणि अल्कोहोल थोडं थोडं सोडतात. ते पडद्यावर पांढरं पसरताना दिसतं. गाठीतच राहिलं तर ठीक; शिरेकडे किंवा पित्तनलिकेकडे पळताना दिसलं की हात थांबवायचा. सोडून झाल्यावरही सुई लगेच उपसत नाहीत, थोडा वेळ तशीच ठेवतात. नाहीतर सुईच्या वाटेने अल्कोहोल मागे येऊन यकृताच्या आवरणावर ओघळतं आणि पेशंट कळवळतो. रक्त नीट गोठत नसेल किंवा पोटात बरंच पाणी झालं असेल तर डॉक्टर आधी त्याचा विचार करतात.

यासाठी आपल्याकडे चोख जोडी आहे: मुरणे आणि भिनणे. लोणच्यात मीठ मुरतं, विष अंगात भिनतं. गाठीत मुरावं, अंगात भिनू नये, एवढीच सगळी कसरत. म्हणून मी लिहीन: ‘सोनोग्राफीत पाहत, सुईने गाठीत शुद्ध अल्कोहोल हळूहळू सोडून गाठ निकामी करणे.’ लांबलं खरं, पण सही करणाऱ्याला कळेल. गाठ मोठी असेल तर पुढे ‘गरजेनुसार एकाहून अधिक वेळा’ हेही जोडावं. बऱ्याचदा एका बैठकीत भागत नाही.