तीन फोन आणि बावीस विद्यार्थी

प्रश्न : मी माध्यमिक शाळेत शिक्षिका आहे. माझ्या वर्गातील बहुतेक मुलांच्या घरी संगणक नाही. फोन असलाच तर तो साऱ्या घरात मिळून एक. शाळेने नववी-दहावीच्या २२ विद्यार्थ्यांना चित्रपटनिर्मिती शिकवण्यासाठी आठवड्याला दोन तास दिले आहेत. सामग्री म्हणजे तीन फोन आणि एक जुना संगणक. चांगला कॅमेरा मिळेपर्यंत थांबावे का? शिवाय मदत देऊ पाहणाऱ्या एका संस्थेची इच्छा आहे की, मुलांनी स्वतःच्या हलाखीवर माहितीपट करावा. हे योग्य होईल का?

उत्तर : थांबू नये, आणि उद्या कॅमेरा मिळालाच, तरी पहिले दोन आठवडे तो कपाटातच राहू द्यावा. १९१७च्या रशियन क्रांतीनंतरच्या मॉस्कोत कच्च्या फिल्मचा विलक्षण तुटवडा होता, तेव्हा चित्रपट दिग्दर्शक लेव्ह कुलेशोव्ह यांच्या कार्यशाळेतील विद्यार्थी रंगमंचावर ‘फिल्मविना चित्रपट’ सादर करीत. आपल्याला तर साधा पुठ्ठाही पुरेल. त्याला चौकोनी खिडकी कापावी, ती एका डोळ्यासमोर धरून मुलांना शॉट निवडायला लावावे आणि निवडलेला शॉट कागदावर काढून घ्यावा. खिडकी डोळ्याजवळ आणली की दृश्य रुंदावते, हात लांब केला की ते आवळते. हे ज्याने एकदा स्वतः करून पाहिले, त्याला लेन्सची भाषा पुढे परकी वाटत नाही.

फोन हाती दिल्यावरचा पहिला धडाही कुलेशोव्ह यांच्याकडूनच घ्यावा. नटाचा एकच निर्विकार चेहरा त्यांनी कधी सूपच्या भांड्याला, तर कधी शवपेटीला जोडला, आणि प्रेक्षकांना त्याच चेहऱ्यावर एकदा भूक आणि एकदा शोक दिसला, असे या प्रयोगाविषयी सांगितले जाते. आपल्या वर्गात एका मुलीला बाकावर बसवून, चेहऱ्यावर कोणताही भाव न आणता, दहा सेकंद दाराकडे पाहायला सांगा. मग तोच शॉट बंद दाराला, गुणपत्रिकेला आणि शेजारच्या रिकाम्या बाकाला जोडून तिन्ही तुकडे दाखवा. रिकाम्या बाकानंतर तिला रडू येते आहे, असे कुणीतरी म्हणेल, आणि त्याचे सर्वांत जास्त नवल तिलाच वाटेल. संकलन म्हणजे, शॉट एकमेकांना जोडणे म्हणजे काय, हे समजावण्यासाठी मग निराळे व्याख्यान द्यावे लागत नाही.

फोन तीन आहेत म्हणून गटही तीनच करू नयेत. सात-आठ जणांच्या गटात निम्मे नुसते उभे राहतात. तीन-चार जणांचे सहा गट करावेत; तीन गट चित्रण करीत असताना उरलेल्यांनी पटकथा, ध्वनी किंवा संकलन हाताळावे. कामे दर आठवड्याला सक्तीने बदलावीत, कारण तसे न केल्यास ज्याला फोनची सवय आहे तोच मुलगा कायमचा कॅमेरामन होतो आणि मुलींच्या हाती नोंदवही राहते.

विद्यार्थ्यांच्या फिल्म चित्रापेक्षा आवाजात अधिक फसतात. पंखा बंद करावा आणि चित्रण करणारा फोन विमान मोडवर टाकावा. संवाद असेल तेव्हा दुसऱ्या गटाचा फोन तेवढ्यापुरता मागून घ्यावा, तो बोलणाऱ्याच्या खिशात ठेवून त्यावर आवाज वेगळा मुद्रित करावा, व प्रत्येक टेकच्या, म्हणजे सलग चित्रणाच्या, आरंभी एक टाळी वाजवून घ्यावी; संकलनाच्या वेळी हात एकमेकांना भिडल्याची फ्रेम (म्हणजे त्या क्षणाचे स्थिर चित्र) आणि पडद्यावर दिसणाऱ्या ध्वनिरेषेवरील टाळीचे टोक जुळवले की आवाज चित्रावर बसतो. सर्व फोनवर चित्राची स्पष्टता १०८० पी व वेग सेकंदाला ३० फ्रेम हीच मांडणी ठेवावी. अशा चित्रणाला मिनिटामागे साधारण ६० ते १३० एमबी जागा लागत असल्याने नको असलेले टेक त्याच दिवशी पुसून टाकावेत. संकलनासाठी ओपनशॉट आणि ध्वनीसाठी ऑडॅसिटी ही दोन्ही सॉफ्टवेअर मोफत आहेत. संगणक मात्र फारच जुना असेल, तर चित्रणच ७२० पी या कमी स्पष्टतेवर आणावे. सिनेमाचे आद्य प्रवर्तक असलेल्या फ्रान्सच्या लुमिए बंधूंच्या १८९५ मधील फिल्म जेमतेम पन्नास सेकंदांच्या होत्या, तेव्हा पहिल्या सत्रात एका मिनिटापुढे कुणाला जाऊ देऊ नये. अर्धवट राहिलेल्या वीस मिनिटांच्या फिल्मपेक्षा पुरी झालेली एक मिनिटाची फिल्म मुलांना कितीतरी अधिक शिकवते.

आता संस्थेच्या अपेक्षेविषयी. एखाद्या विद्यार्थ्याला स्वतःच्या घरावर फिल्म करावीशी वाटली, तर त्याला अडवू नये. पण विषय मदतीची अट म्हणून येत असेल, तर तो नाकारावा. या वयाच्या मुलांना भुताची गोष्ट करायची असते, मैत्रीतले भांडण दाखवायचे असते, शिक्षकांची थट्टाही करायची असते (ती करू द्यावी). गरिबीच दाखवायला सांगितली की मुले पाहुण्यांना आवडेल तेवढेच दाखवायला शिकतात, आणि तेच दृश्य पुढे कुठेतरी प्रसारित झाले तर वर्गात चिडवणे सुरू होते. संस्थेला लेखी कळवावे की विषय मुले निवडतील, मूळ चित्रण शाळेकडे राहील, आणि चेहरा दिसणारे कोणतेही दृश्य विद्यार्थी व पालक या दोघांच्या संमतीखेरीज शाळेबाहेर जाणार नाही. हे मान्य नसेल, तर आपले तीन फोन आहेतच.