मोठा ओपन सोर्स प्रकल्प पायथन २ वरून ३ वर न्यायचा आहे. सगळं एकदम बदलावं की थोडं थोडं? आणि काही प्रकल्पांना अशा कामात दहा वर्षं का लागतात?

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण पहिल्याचं उत्तर त्यातूनच निघतं.

भाषेची आवृत्ती बदलणं म्हणजे दर वेळी मोठं संकट असतं असं नाही. लिनक्स कर्नल घ्या. कोट्यवधी ओळींचा सी कोड, आणि २०२२ पर्यंत तो सी भाषेच्या १९८९ च्या प्रमाणावर (ग्नू कंपायलरने त्यात घातलेल्या जादा सोयींसकट) कंपाइल होत होता. त्या वर्षी फेब्रुवारीत लिंक्ड लिस्टवर (एकमेकींना जोडलेल्या नोंदींच्या यादीवर) फिरणाऱ्या मॅक्रोंचा, म्हणजे कोडच्या तयार साच्यांचा, एक जुना दोष चर्चेत आला. १९८९ च्या सीमध्ये फॉर लूपच्या आत व्हेरिएबल जाहीर करता येत नाही, त्यामुळे ते बाहेर जाहीर करावं लागतं आणि लूप संपल्यावरही हाताशी राहतं. यादी शेवटपर्यंत फिरून झाली असेल, तर तेव्हा ते व्हेरिएबल, म्हणजे नोंदीचा पत्ता ठेवणारा पॉइंटर, खऱ्या नोंदीकडे बोट दाखवतच नसतो. कुणी तो पुढे वापरला की बग ठरलेला. मग भाषाच पुढे का नेऊ नये, असा विचार लिनक्सचे जनक लायनस टोरवाल्ड्स यांनी मांडला. बोलणं सी ९९ चं (१९९९ च्या प्रमाणाचं) चाललं होतं, कर्नलचे एक डेव्हलपर आर्न्ड बर्गमन यांनी थेट सी ११ वर (२०११ च्या प्रमाणावर) जाता येईल हे दाखवलं, आणि मे २०२२ मध्ये आलेल्या कर्नलच्या ५.१८ आवृत्तीत ते झालंसुद्धा.

हे इतक्या लवकर जमलं, कारण जुन्या ओळींचा अर्थ जवळपास तसाच राहिला. 'इनलाइन' या सीमधल्या शब्दाचा अर्थ जुन्या आणि नव्या प्रमाणांत वेगळा आहे, पण कर्नलने तो जुन्या अर्थाला आधीच बांधून ठेवला होता. कर्नलसाठी लागणारी जीसीसी या कंपायलरची किमान आवृत्तीही २०२१ मध्येच ५.१ केली होती. म्हणजे खरी तयारी आधी होऊन गेली होती. आणि जुने लूप लगेच बदलायची सक्ती कुणावरही नव्हती.

पायथनचं गणित उलटं होतं. ३.० डिसेंबर २००८ मध्ये आलं. २.७ चा आधार २०१५ ला संपायचा होता, पण २०१४ मध्ये ती मुदत २०२० पर्यंत वाढवावी लागली. प्रिंट या आज्ञेला कंस लागले म्हणून एवढा उशीर झाला, असं बरेच जण समजतात. कंसांचं काम यंत्र करतं. उशीर झाला तो तीच ओळ, एकही अक्षर न बदलता, वेगळं काही म्हणू लागली म्हणून. सात भागिले दोन पायथन २ मध्ये तीन, ३ मध्ये साडेतीन. ना एरर, ना इशारा. २टू३ हे रूपांतराचं साधन भागाकाराला हातच लावत नाही, कारण लिहिणाऱ्याला पूर्णांक हवा होता की अपूर्णांक हे त्याला कळायला मार्ग नसतो. (पायथन ३.१३ पासून ते सोबत येतही नाही, तेव्हा त्याच्या भरवशावर बेत आखू नका.)

त्याहून खोल गोष्ट मजकुराची, आणि ती मराठी वाचकाला चटकन समजेल. पायथन २ ला 'मराठी' या शब्दाची लांबी विचारली तर यूटीएफ-८ (अक्षरं बाइटमध्ये साठवायची प्रचलित पद्धत) फाइलमध्ये तो १५ सांगतो: म, र, काना, ठ, वेलांटी या पाच चिन्हांचे प्रत्येकी तीन बाइट. पायथन ३ सांगतो ५. पायथन २ मध्ये या शब्दाचे पहिले दहा घ्या म्हटलं, तर 'मरा' आणि पुढे 'ठ'चा तुटका तुकडा हाती येतो. शिवाय तिथे बाइट आणि युनिकोड मजकूर एकत्र जोडले, तर पायथन गुपचूप ते बाइट आस्की, म्हणजे फक्त इंग्रजी अक्षरांची जुनी सांकेतिक पद्धत, समजून वाचतो. इंग्रजी अक्षरांतल्या नावांवर सगळं सुरळीत चालतं, टेस्ट पास होतात, आणि एखाद्या दिवशी कुणी देवनागरीत नाव भरलं की यूनिकोडडिकोडएरर. पायथन ३ बाइट आणि मजकूर मिसळूच देत नाही. मला हा बदल फार योग्य वाटतो, आपल्यासारख्या लिपीत लिहिणाऱ्यांसाठी तर नक्कीच. पण त्याची किंमत अशी, की प्रत्येक स्ट्रिंगपाशी थांबून हे बाइट आहेत की मजकूर, हे माणसालाच ठरवावं लागतं.

मर्क्युरिअल हा आवृत्ती-नियंत्रणाचा प्रकल्प इथेच सर्वाधिक अडला. फाइलचा आशय आणि फाइलींची नावं तो बाइट म्हणूनच हाताळतो, आणि सुरुवातीच्या पायथन ३ मध्ये बाइटवर टक्केचिन्हाचं फॉरमॅटिंगच (साच्यात किमती भरायची सोय) नव्हतं. ते २०१५ मध्ये ३.५ सोबत परत आलं. मर्क्युरिअलने पायथन ३ चा आधार चाचणीच्या टप्प्यातून बाहेर काढला तो थेट नोव्हेंबर २०१९ मध्ये, ५.२ आवृत्तीत.

आता तुमचा पहिला प्रश्न. थोडं थोडं बदला, आणि त्यासाठी वेगळी ब्रँच (कोडची समांतर प्रत) करू नका. ओपन सोर्समध्ये बाकीचे लोक मुख्य ब्रँचवर पॅच पाठवत राहतात, तुमची ब्रँच रोज मागे पडते, आणि शेवटी बदलांपेक्षा मर्ज कॉन्फ्लिक्ट सोडवण्यातच जीव जातो. जॅंगो या पायथनमधल्या वेब फ्रेमवर्कने एकच कोड दोन्ही पायथनवर चालेल असा लिहिला: २०१३ च्या १.५ मध्ये प्रायोगिक आधार दिला, आणि पायथन २ सोडलं ते डिसेंबर २०१७ च्या २.० मध्ये. मधली सगळी वर्षं वापरणाऱ्यांना हवं तेव्हा हलता येत होतं.

तुम्हीही आधी जुन्याच पायथनवर राहून नवे अर्थ लागू करा. फ्यूचर मॉड्यूलमधून नवा भागाकार फाइल-फाइलने आणता येतो, आणि २.७ ला '-३' हा पर्याय दिला की तो धोक्याच्या जागा चालता चालता दाखवतो. मग मर्क्युरिअलने केलं तसं पायथन ३ वर पास होणाऱ्या टेस्टची यादी प्रकल्पातच ठेवा. यादीत गेलेली टेस्ट पुन्हा पडली तर तो पॅच घ्यायचा नाही. यादी हळू वाढेल, पण मागे सरकणार नाही. टेस्टमध्ये देवनागरी नावं, देवनागरी फाइलनावं आजच घाला. नुसत्या इंग्रजी डेटावर पास झालेल्या टेस्टवर मी या कामात विश्वास ठेवत नाही.

यांत्रिक बदल आणि विचार करून केलेले बदल एका कमिटमध्ये कधीही मिसळू नका. पाचशे फाइलींत प्रिंटचे कंस आणि त्यातच एका जागी बदललेला भागाकार, हे तपासणाऱ्याच्या नजरेतून हमखास सुटतं. यांत्रिक कमिटचे क्रमांक एका फाइलीत लिहून ठेवा. गिट २.२३ पासून ब्लेमला (कुठली ओळ कुठल्या कमिटमध्ये आली ते दाखवणाऱ्या आज्ञेला) ती फाइल दिली की तो ते कमिट वगळतो आणि ओळ मुळात कुणी व का लिहिली ते दिसत राहतं. जुन्या प्रकल्पात ही माहिती सोन्यासारखी असते.

बाइट की मजकूर हा निर्णय मात्र कडेला घ्या: फाइल वाचताना, नेटवर्कवरून घेताना, डेटाबेसशी बोलताना. आत सगळीकडे मजकूरच. तुमचा प्रकल्प मर्क्युरिअलसारखा मुळातच बाइटचा असेल, तर आत बाइट ठेवा आणि स्क्रीनवर दाखवताना मजकूर करा. दोन्ही चालतं, अर्धं-अर्धं चालत नाही. तुमचा कोड बाहेरची माहिती नेमकी कुठून घेतो हे प्रश्नात जोडलंत, तर कुठल्या मॉड्यूलपासून सुरुवात करावी ते सांगू शकेन.