मालवणचा पाऊस आणि उन्हाळ्यातल्या विहिरी

प्रश्न : मे महिन्यात मालवणला गेलो होतो. पावसासाठी प्रसिद्ध असलेल्या त्या गावात पाणी जपून का वापरतात? आणि तापमान सोलापूरपेक्षा कमी असूनही घामाच्या धारा का लागतात? – एक वाचक, सोलापूर

उत्तर : मालवण परिसरात वर्षाला सुमारे 3,000 मिलिमीटर पाऊस पडतो, पण तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. शिवाय किनाऱ्यामागचे सडे, म्हणजे सपाट माथ्याची पठारे, जांभ्या दगडाचे आहेत. हा दगड फोडून पाहिला तर आत बोट जाईल एवढी भोके दिसतात. त्यांतून पाणी झपाट्याने झिरपते आणि उताराने ओहोळांवाटे कर्ली व कोळंबच्या खाड्यांना मिळते. सह्याद्री जवळ असल्याने नद्याही आखूड, त्यामुळे पाण्याला थांबायला फारशी जागा उरत नाही. पुळणीलगतच्या (वाळूच्या किनाऱ्याजवळच्या) विहिरींत मात्र जिरलेले गोडे पाणी हलके असल्यामुळे खाऱ्या पाण्यावर राहते, आणि उपसा वाढला की खालचे खारे पाणी वर चढते. म्हणूनच ही काटकसर अत्यंत आवश्यक आहे.

घामाचे कारण हवेतल्या बाष्पात आहे. दुपारी समुद्रावरून येणारे खारे वारे पारा साधारण 33-34 अंशांवर रोखून धरतात, पण त्याच वाऱ्यांतल्या दमटपणामुळे घाम वाळत नाही. रात्री जमिनीकडून मतलई वारे वाहतात, तरी मे महिन्यात त्यांचा जोर हिवाळ्याइतका नसतो.

सिंधुदुर्ग किल्ला पाहिलात का? चोहोबाजूंनी समुद्र असूनही तिथल्या दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या विहिरींचे पाणी गोडे आहे.