वाचकांचे प्रश्न: हेम्प, ताग, चुनखडी आणि निफाडची थंडी

प्रश्न: माझी दोन एकर मध्यम काळी जमीन आहे. विहिरीचं पाणी फेब्रुवारीनंतर पुरत नाही. 'हेम्प लावा, लाखो कमवा' असे व्हिडिओ मोबाइलवर सारखे येतात, बियाणं घरपोच देतो म्हणतात. आपल्या हवेत हे पीक येईल का?
— एक वाचक, येवला

उत्तर: आधी कायदा पाहू, कारण हवापाण्याचा प्रश्न त्यानंतरच येतो. हेम्प म्हणजे भांगेचंच झाड. 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात कलम 20 प्रमाणे परवान्याशिवाय हे झाड लावलं तर 10 वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि 1 लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. धाग्यासाठी किंवा बियांसाठी लागवडीला सरकार खास आदेशाने मुभा देऊ शकतं, अशी तरतूद कलम 14 मध्ये आहे. उत्तराखंडने 2018 मध्ये परवाने सुरू केले ते अशा मुभेच्या आधारावर, आणि तिथेही नशेचा घटक 0.3 टक्क्यांच्या आत असण्याची अट आहे. 2021 मध्ये हेम्पचं बी, त्याचं तेल आणि पीठ खाद्यपदार्थ म्हणून विकायला मान्यता मिळाली. व्हिडिओवाले बोट दाखवतात ते या मान्यतेकडे. पण दुकानात बी विकायची परवानगी आणि शेतात झाड लावायची परवानगी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुमच्या नावाचा लेखी परवाना हातात नसेल, तर घरपोच आलेली पिशवी फोडूही नका. बांधावर किंवा उकिरड्यावर असं झाड आपोआप उगवलेलं दिसलं तर पोलिसांना कळवा. आपल्या जमिनीत बेकायदा लागवड झाली असेल तर जमीनधारकाने माहिती देणं कलम 46 नुसार बंधनकारक आहे.

आता हवा. भांग हे दिवसाची लांबी ओळखणारं झाड आहे; दिवस लहान होऊ लागले की ते फुलावर येतं. नाशिक 20 अंश अक्षांशावर आहे. इथला जूनमधला सर्वांत मोठा दिवसही साधारण सव्वातेरा तासांचाच असतो. युरोपातले धाग्याचे वाण 15-16 तासांच्या उन्हाळी दिवसांत वाढण्यासाठी निवडलेले आहेत. ते इथे आणले तर झाड गुडघा-मांडीएवढं असतानाच फुलतं. उंची नाही म्हणजे धागा नाही. कुमाऊँ-गढवालात हे झाड परंपरेने टिकलं, कारण तिथे दिवस आपल्यापेक्षा मोठा, डोंगरउतारावरून पाणी निथळून जातं आणि वाणही तिथलेच.

मातीचंही तेच. या झाडाला पहिले तीन आठवडे मुळाशी पाणी साचलेलं अजिबात चालत नाही. काळ्या जमिनीत जुलैत आठ दिवस झड लागली की वाफसा (मशागतीजोगी ओल) येत नाही, आणि ऊन पडताच वर पापडी धरते. रोपं पिवळी पडून बसतात. वरून झाड नशेच्या मर्यादेत आहे की नाही, हे वाण आणि काढणीची वेळ यांवर ठरतं आणि फक्त प्रयोगशाळेत कळतं. माल मर्यादेबाहेर निघाला तर तो नष्ट करायची पाळी येते.

तुमच्या जमिनीला खरोखर उपयोगी पडेल असा जुना सोबती म्हणजे ताग. भांगेशी त्याचं नातं नाही, हा शेंगवर्गीय आहे आणि जमिनीत गाडून त्याचं हिरवळीचं खत करतात. जूनमध्ये पहिल्या चांगल्या पावसावर एकरी 20 ते 25 किलो बी पेरा. तागही लहान दिवसांत फुलणारा आहे, म्हणून ऑगस्टमध्ये पेरला तर हातभर वाढून फुलतो आणि गाडायला काही उरत नाही. 45-50 दिवसांनी कळ्या दिसू लागल्या की ओल असताना रोटाव्हेटर मारा. उशीर केला तर काडी लाकडासारखी होते, ती कुजायला मातीतलाच नत्र ओढते आणि पुढचा कांदा पिवळा दिसतो. गाडल्यावर दोन-तीन आठवडे थांबून रांगड्या (उशिरा खरिपाच्या) कांद्याची लागवड धरा. धाग्यासाठी ताग घ्यायचा विचार मात्र सोडा. पेंढ्या आठवडाभर पाण्यात बुडवून ठेवाव्या लागतात, येवल्यात ते पाणी आणायचं कुठून?

प्रश्न: आमच्याकडे पावसात शेतात पाणी उभं राहतं. ताग सडतो. दुसरं काय?
— एक वाचक, पेठ

उत्तर: धैंचा. साचलेलं पाणी आणि थोडा चोपणपणा (सोडियमच्या क्षारांनी जमीन घट्ट होणं) दोन्ही सोसतो. बी आणि गाडण्याचे दिवस तागासारखेच.

प्रश्न: थॉम्पसन द्राक्षाची बाग पाच वर्षांची आहे. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर (नव्या काड्यांसाठीची छाटणी) शेंड्याची पानं पिवळी पडतात, शिरा हिरव्या राहतात. दुकानदाराने एकरी 50 किलो गंधक आणि 200 किलो जिप्सम टाकायला लावलं. फरक नाही.
— एक वाचक, निफाड तालुका

उत्तर: कोवळं पान पिवळं आणि शिरा हिरव्या ही लोहाच्या कमतरतेची खूण. मॅग्नेशियम कमी असेल तर असंच चित्र जुन्या पानांवर दिसतं, आणि क्षार वाढले असतील तर जुन्या पानांच्या कडा करपतात. तेव्हा औषध घेण्याआधी पान वेलीवर कुठलं आहे ते बघा.

तुमच्या मातीत लोह नाही असं नाही. बेसॉल्टपासून झालेल्या जमिनीत ते भरपूर असतं. चुनखडीमुळे ते मुळांना मिळत नाही. तपासायचं असेल तर दोन ओळींमध्ये फूटभर खड्डा घ्या, खालचं ढेकूळ काढून त्यावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे चार थेंब टाका. फसफसून फेस आला तर चुनखडी आहे. पांढऱ्या खड्यांवर नको, नुसत्या मातीवर टाका. खडे कुठेही फसफसतात. नेमका आकडा प्रयोगशाळेतून घ्या. मुक्त चुना 5 टक्क्यांपर्यंत असेल तर काळजी नको, 10 च्या पुढे गेला की दरवर्षी ही तक्रार येणार. नमुना ड्रीपरपासून वीतभर अंतरावरून घ्या, 0-30 आणि 30-60 सेंटिमीटर असा वेगवेगळा. बऱ्याच बागांत वरचा थर बरा आणि खाली चुनखडीचा पट्टा असतो. एकत्र केलेल्या नमुन्यात तो लपून जातो.

गंधकाचा हिशेब एकदा मांडूनच बघा. एक एकर जमिनीच्या वरच्या 30 सेंटिमीटर मातीचं वजन साधारण 1,450 टन. त्यात 10 टक्के चुना म्हणजे 145 टन. एक टन चुना विरघळवायला सुमारे 320 किलो गंधक लागतं, म्हणजे एकरी 45 टनांच्या वर. 50 किलोने काय होणार? गंधक उपयोगी पडतं ते एवढंच, की शेणखतात मिसळून ड्रीपखालच्या चरात दिलं तर मुळांभोवतीचा सामू (पीएच) थोडा खाली येतो. जिप्सम तर इथे पैसे पाण्यात घालण्यासारखं. ते चोपण जमिनीचं औषध आहे. त्यात कॅल्शियमच असतं, आणि ते तुमच्याकडे आधीच उतू चाललंय.

आता करायचं काय? फेरस सल्फेट 2 ग्रॅम आणि सायट्रिक आम्ल 1 ग्रॅम प्रति लिटर, संध्याकाळी, 8-10 दिवसांच्या अंतराने तीन फवारण्या. द्रावण ताजं करा. तांबूस झालं की ते वाया गेलं. जमिनीतून द्यायचं असेल तर ईडीडीएचए प्रकारचं चिलेटेड लोह घ्या. ईडीटीए स्वस्त असतं, पण चुनखडीच्या जास्त सामूत ते टिकत नाही. पिशवीवर 'ईडीडीएचए' ही अक्षरं वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.

आणि पाणी कमी करा. खरड छाटणीनंतर उन्हाच्या धास्तीने दिवसभर ड्रीप चालू ठेवतात. सतत ओल्या, हवा नसलेल्या मातीत बायकार्बोनेट वाढतं आणि पिवळेपणा आणखी चढतो. पुढे नवी लागवड करणार असाल, तर खुंट (ज्यावर कलम बांधतात ते मुळाचं झाड) निवडताना माती परीक्षणाचा कागद समोर ठेवा. चुनखडीत 110 आर किंवा 140 आरयू यांचा विचार करा. शेजाऱ्याने डॉगरिज लावला म्हणून आपणही तोच, असं करू नका.

प्रश्न: जानेवारीत द्राक्षाचे मणी गुलाबी पडतात आणि माल निर्यातीतून बाद होतो. थंडीमुळे की औषधामुळे?
— एक वाचक, कादवाकाठ

उत्तर: थंडीमुळे. गोडी छाटणी (फळासाठीची) ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात झाली असेल तर मण्यात पाणी उतरायची वेळ डिसेंबरअखेर-जानेवारीत येते. तेव्हा पहाटे पारा 8 अंशांखाली आणि दुपारी 28 च्या पुढे, असा फरक पडला की पांढऱ्या वाणांतही गुलाबी रंग धरतो. त्यातही नदीकाठचं सपाट, सखल शेत जास्त सापडतं. थंड हवा जड असते, रात्री उताराने खाली येऊन तिथेच साचते. एकाच गावात माळावरची बाग सुटते आणि मळईतली अडकते, ते यामुळेच.

पाणी उतरण्याच्या आधी घडाला कागद लावा. मणी मऊ झाल्यावर लावलेल्या कागदाचा उपयोग होत नाही. थंडीच्या लाटेत पहाटे थोडं पाणी द्या, ओली जमीन उष्णता धरून ठेवते. शेकोट्या पेटवतात, पण धुरापेक्षा पाणी जास्त काम करतं. मात्र पाण्याचा डोस एकदम वाढवू नका: पानं थंडीने मंद असतात, मुळं पाणी ओढतात आणि मणी तडकतात. कागद चढवण्याआधी घडात मिलीबग (पिठ्या ढेकूण) नाही ना, हे पाहून घ्या, आणि नंतरही दर आठवड्याला प्रत्येक ओळीतले दोन-तीन घड उघडून बघत जा.