किचनचं फर्निचर: नवं करायचं की जुन्यालाच नवी दारं लावायची?

डोंबिवलीच्या एका ताईंनी विचारलं आहे: फ्लॅट 14 वर्षांचा. किचनच्या ट्रॉल्या आणि वरची कपाटं जुनी झालीत, सनमायका कडेने सुटलाय. मॉड्युलर किचनचं कोटेशन 4,20,000 रुपयांचं आहे. ओळखीचे सुतारकाका म्हणतात, सांगाडा तोच ठेवून दारं, सनमायका आणि बिजागऱ्या नव्या करू, 95,000 होतील. बचत खात्यात 80,000 आहेत, महिन्याला 15,000 शिल्लक पडतात. मुलाच्या इंजिनिअरिंग प्रवेशासाठी 6 लाखांची एफडी आहे, प्रवेश पुढच्या जूनमध्ये. एफडी मोडू की पर्सनल लोन घेऊ?

ताई, दोन्ही नको.

कोटेशनच्या तळाशी 'जीएसटी वेगळा' असं लिहिलं आहे का, ते आधी बघा. तसं असेल तर 18 टक्के धरून आकडा 4,95,600 वर जातो. पाच लाखांचं पर्सनल लोन 13 टक्क्यांनी तीन वर्षांसाठी घेतलं, तर हप्ता साधारण 16,850 बसतो आणि नुसतं व्याज लाखाच्या वर जातं. तुमची शिल्लक 15,000 आहे, म्हणजे पहिल्याच महिन्यापासून ओढाताण. एफडी मुदतीआधी मोडली तर बँक जितके दिवस पैसे ठेवले तितक्या दिवसांचाच दर देते, वर बहुतेक ठिकाणी दंडही कापते. आणि जूनमध्ये कॉलेज फीसाठी थांबणार नाही.

मग सुतारकाकांना हो म्हणायचं का? त्याआधी एका संध्याकाळी सिंकखालचं कपाट पूर्ण रिकामं करा. तळाच्या फळीवर अंगठ्याने जोर द्या, कोपऱ्यात स्क्रूड्रायव्हरचं टोक टोचून बघा. फळी फुगलेली असेल, भुसा सुटत असेल, तर तो पार्टिकल बोर्ड पाणी प्यायलाय. बिजागरीचा स्क्रू घट्ट करायला गेलात आणि तो नुसताच फिरत राहिला, तरी तेच समजा. भिंतीलगत मातीच्या बारीक रेषा दिसल्या तर वाळवी आहे. मग आधी पेस्ट कंट्रोल, सुतार नंतर. हे मी कळकळीने सांगते, कारण माझ्या घरी मी हे न बघता वरून सुंदर सनमायका लावून घेतला होता. दुसऱ्या पावसाळ्यात सिंकखालची दारं लोंबायला लागली आणि सगळा खर्च पाण्यात गेला.

बहुतेक घरांत सिंकचा भागच खराब होतो, बाकीचा सांगाडा धड असतो. तुमच्याकडेही तसंच निघालं, तर तेवढाच भाग आयएस 710 शिक्का असलेल्या, म्हणजे पाण्याला टिकणाऱ्या मरीन प्लायमध्ये नवा करून घ्या. त्यासाठी मी आणखी 20,000 ते 25,000 धरेन. म्हणजे सगळं मिळून सव्वा लाखाच्या आत. जुन्या सनमायक्यावरच नवा चिकटवू देऊ नका. नीट घासला नाही तर तो धरत नाही, शिवाय जाडी वाढून दारं एकमेकांना घासतात.

आत्ता फक्त ओट्याखालचं काम करा, साधारण 70,000 पर्यंत. नळगळती आधी दुरुस्त करून घ्या. बचत खातं जवळजवळ रिकामं होईल, म्हणून पुढचे तीन-चार महिने शिल्लक तिथेच साठू द्या. वरची कपाटं आणि माळ्याची दारं त्यानंतर. तेल-धुराने ती फक्त मेणचटलेली असतील, तर गरम पाणी आणि भांड्यांच्या साबणाने पुसून आधी बघा. कदाचित तिथला खर्च निम्म्यावर येईल.

प्लाय आणि सनमायका दुकानातून स्वतः पक्क्या बिलावर घ्या, काकांना मजुरी वेगळी द्या. मजुरीचा शेवटचा पाचवा हिस्सा पंधरा दिवस ट्रॉल्या वापरून झाल्यावर द्यायचा, हे कामाआधीच बोलून ठेवा. ओळखीच्या माणसाशी हे बोलायला जड जातं, पण नंतरच्या वादापेक्षा ते बरं.

आणि तळाची फळी सगळीकडेच फुगलेली निघाली, तर 95,000 सुद्धा घालू नका. प्रवेश होऊ द्या, वर्षभर पैसे साठवा, मग नवं करू. तेव्हा मला पुन्हा लिहा.