वाशीतल्या सोसायटीच्या कार्यक्रमाला 'झिंगाट' हवंय, पण एकाच नावाची दोन गाणी सापडतात. नेमका ट्रॅक कसा मागवायचा?

चित्रपटाचं नाव आणि भाषा सांगा, गायकाचं नव्हे. 'सैराट'मधलं 'झिंगाट' मराठी (२०१६), 'धडक'मधलं हिंदी (२०१८). संगीत आणि आवाज दोन्हीकडे अजय-अतुल यांचेच, म्हणून साउंडवाल्याला सुरुवातीच्या संगीतावरून फरक कळत नाही. शब्द सुरू झाल्यावर घोटाळा उघड होतो, तोवर मुलं स्टेजवर नाचायला लागलेली असतात.

'जीव रंगला'चंही तसंच: ते 'जोगवा'तलं हरिहरन आणि श्रेया घोषाल यांचं युगुलगीत, 'तुझ्यात जीव रंगला' हे त्याच नावाच्या मालिकेचं शीर्षकगीत. कराओके (गायकाचा आवाज नसलेला, फक्त संगीताचा ट्रॅक) असेल तर पट्टीही, म्हणजे गाणं कोणत्या सुरात आहे तेही, विचारून घ्या.

फाइलला 'झिंगाट सैराट मराठी' असं पूर्ण नाव द्या आणि पेनड्राइव्ह देण्याआधी शब्द सुरू होईपर्यंत ऐकाच.